अप्पांच्या फोनातली किल्ली

अप्पांच्या थोरल्याचा मुलगा पहिलीत गेला, त्या वर्षीची गोष्ट. रविवारी सकाळी अप्पा आंघोळीला गेले आणि त्यांच्या मुलीने टेबलावरचा त्यांचा फोन उचलला. आत बादली भरत असल्याचा आवाज येत होता. अप्पांना आंघोळीला वीस मिनिटं लागत. तेवढ्यात काम उरकायचं होतं.

“फोन उघडायचा आकडा पाठ आहे ना?” थोरल्याने दबक्या आवाजात विचारलं.

“अख्ख्या जिन्याला पाठ आहे, दादा. मोठ्याने म्हणत दाबतात.”

अप्पांच्या गाडीला किल्ली नव्हती. खिशात फोन घेऊन जवळ गेलं की दार उघडायचं, आत बसलं की गाडी सुरू व्हायची. फोनमध्ये एक यादी होती. कुणी गाडी चालवायची आणि कुणी नुसतं दार उघडायचं, हे त्या यादीत मालकाने ठरवायचं. मालक अप्पा. थोरल्याला आणि मुलीला त्यांनी चालवायची मुभा दिली होती. आज मुलगी मालकी गुपचूप स्वतःच्या नावावर करून अप्पांची मुभा काढणार होती.

अप्पांनी छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली. एकाही पोराला ओरखडा आला नाही. अक्षरं ते चाळिशीत शिकले, तीही बसमधल्या पोरांकडून. सिग्नलला बस थांबली की मागून पोरं एकेक पाटी वाचून दाखवायची. नव्या गाडीचं पुस्तक त्यांनी ओळीवर बोट ठेवून तीन दिवस वाचलं आणि चौथ्या दिवसापासून थोरल्याला छळायला घेतलं. थोरल्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं.

“आता दुकानात छत्र्या विकायला ठेव,” अप्पा म्हणायचे.

“बॅटरी संपली की तुमचा फोन म्हणजे साबणाची वडी,” थोरला म्हणायचा. “किल्लीला चार्जिंग लागत नाही.”

“आणि हरवली की तुझ्याच दुकानात यावं लागतं. म्हणून तर तुला तिचा पुळका.”

सोळा दिवसांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांना कडेचं दिसणं बंद झालंय. समोरचं दिसेल, बाजूचं नाही. गाडी चालवायची नाही. अप्पांनी मान हलवली. नंतर तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहा वाजले की ते फोन खिशात टाकून खाली जाऊ लागले. मुलगी सातला प्रयोगशाळेतून परतायची तेव्हा ते जिन्यात भेटत.

“कुठे होतात?”

“गाडीत.”

गाडी चालवून आले, असंच ती समजायची. गल्लीच्या तोंडाशी मैदान होतं. त्याच वेळी तिथून पोरं खेळून सुटायची. आणि पोरं नेहमी बाजूनेच येतात.

“किल्ली असती तर सरळ काढून घेतली असती,” थोरला आदल्या दिवशी म्हणाला होता.

“कुणाच्या हातातून?” तिने विचारलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या मुलाने बापाच्या हातातून अशीच किल्ली हिसकावली होती. दोन वर्षं झाली, बापलेक बोलत नव्हते. फोनचं त्या मानाने बरं होतं. हिसकावायला काही नव्हतंच.

तिने आकडा दाबला. यादी उघडली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग फोन थोरल्यापुढे धरला.

मालक म्हणून तिचंच नाव होतं. अप्पांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘फक्त दार उघडणे’. शेजारी तारीख होती, सोळा दिवसांपूर्वीची. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी ती दवाखान्याखालच्या दुकानात अप्पांच्या डोळ्यांचे थेंब घेत उभी होती. तिच्या फोनवर काहीतरी आलं होतं खरं. नेहमीची कटकट समजून तिने न वाचताच ‘मान्य’ दाबलं होतं.

“म्हणजे हे सोळा दिवस...” थोरला म्हणाला.

“नुसते बसत होते.”

कडी वाजली. अप्पा टॉवेलने कान पुसत बाहेर आले. मान वळवून त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग थोरल्याकडे, मग फोनकडे.

“सांगायचं तरी, अप्पा,” मुलगी म्हणाली.

“तुम्ही विचारलंत कुठे? दोघंही मला वळसा घालून चालत होतात.” अप्पा खुर्चीत बसले. “आणि बसायला काही बंदी नाही. स्टीअरिंगवर हात ठेवले की बरं वाटतं.”

“पण मालकी कशाला दिलीत? नुसती स्वतःची मुभा बंद केली असतीत तरी चाललं असतं.”

“नसतं चाललं. दुसऱ्या दिवशी मीच परत चालू केली असती.” मग ते थोरल्याकडे वळले. “तुझ्या किल्लीत हीच खोट आहे बघ. ती स्वतःपासून लपवता येत नाही. लपवणाऱ्याला जागा ठाऊक असते.”

थोरल्याने टॉवेल घेतला आणि बापाची ओली पाठ पुसली.

पुढे दर रविवारी मुलगी गाडी चालवायची आणि अप्पा शेजारी बसून तिच्या चुका काढायचे. अप्पा वारले त्याच्या पुढच्या वर्षी, ऑगस्टच्या नऊ तारखेला, सकाळी, स्वतःच्या अंथरुणात.