पुलाच्या चढावरचा काटा

पुलाचा चढ लागला आणि वाफेच्या दाबाचा काटा दोन रेघा वर सरकला.

बटाव्हियाच्या या ट्रामच्या इंजिनात आग नव्हतीच. डेपोत वाफ भरून घ्यायची आणि ती संपेपर्यंत धावायचं. वाटेत काटा उतरायचाच, चढावर तर अधिक. तो वर जाताना दारसिम सलग तिसऱ्या सकाळी पाहत होता.

बारा वर्षं त्याने याच रुळांवर घोड्यांची ट्राम हाकली होती. या चढाखाली तिसरा घोडा डावीकडे जुंपायचा आणि माथ्यावर सोडायचा, अशी रीत होती. कितीतरी घोडे सोडण्याआधीच इथे कोसळून मेले. आता कंपनीने घोडे बंद केले होते. इंजिनवर कायम व्हायचं का, हे साहेबाला सांगायचं दारसिम महिनाभर टाळत होता. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं.

“बांग, अरे दादा, तुझं इंजिन चढ दिसला की खुलतं!” मागून भाजीवाली रुमिना ओरडली. “आमचे हे तर चढ दिसला की बसतात!”

“दाबमापक कालच बदललं,” शेजारी उभा असलेला कंपनीचा डच साहेब पुटपुटला.

दारसिमने इंजिनाचा दांडा धरला. तळहाताला ओढ जाणवली. पुढून, किंचित डावीकडून.

माथ्यावर इंजिन आपणहून थांबलं. काटा थरथरत राहिला.

दारसिमने डोक्याचा रुमाल उतरवला.

“तुआन,” तो साहेबाला म्हणाला, “मी इंजिनवर येणार नाही. मेलेल्या जनावराला मी पुन्हा जुंपणार नाही.”