एकाच खलातलं औषध

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“वैद्यबुवा, तुमच्या रक्तात शिसं अडुसष्ट आहे. पाचच्या आत हवं. पोटातल्या कळा त्यामुळेच, हिरड्यांवरची निळसर रेघही त्याचीच. तुमच्या त्या गोळ्यांमधून आलंय. आजपासून बंद.”

“मी स्वतः घेतल्याशिवाय कुणाला देत नाही,” वैद्यबुवा म्हणाले. “आणि हिचं किती?”

बायकोचंही रक्त तपासा, असा हट्ट त्यांनीच धरला होता.

“दोन.”

वैद्यबुवा खुर्चीत ताठ झाले. “मग झालं तर! एकाच खलातलं औषध. नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ माझ्या हातानं हिला गोळी देतोय. जिना चढवत नव्हता हिला गुडघ्यांनी. आता विचारा! अगं, सांग की.”

बायको मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

“बंद कसली करता? दुप्पट करतो. पोट दुखतंय म्हणजे गोळी कमी पडतेय.”

“अहो, पुरे.”

तिनं पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. डबा तपकिरी गोळ्यांनी काठोकाठ भरला होता.

“जिभेखाली धरायची मी. तुम्ही पेला ठेवायला वळलात की काढून घ्यायची.”

वैद्यबुवांनी एक गोळी उचलली, वास घेतला. गोळी त्यांचीच होती.

“टाकून तरी द्यायच्यास.”

“तासन्‌तास खलत बसता तुम्ही. टाकवेनात.”

“मग गुडघे कशानं बरे झाले तुझे?”

“कुठे झालेत?”

“अगं, रोज विचारतो तेव्हा बरं वाटतंय म्हणतेस!”

“तुम्ही इतक्या आशेनं विचारता. नाही कसं म्हणणार?”

डॉक्टरीणबाई खाली बघून उगाचच रिपोर्ट सारखे करत होत्या. मग त्यांनी विचारलं, “या गोळ्या आणखी किती जण घेतात?”

“ऐंशीएक. एकाचीही तक्रार नाही. सगळे म्हणतात, बरं वा...”

वैद्यबुवा थांबले. बायकोकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी डबा एका हातानं उचलायला घेतला. मग दुसराही हात लावला.