ताटं बदलली

२००४ च्या मे महिन्यात कीर्तनाच्या व्हॉलीबॉलमागे दोन कॉलेजं लागली. पहिल्या डिव्हिजनच्या मोठ्या कॉलेजने नऊ पानी करार पाठवला. फी माफ, हॉस्टेल फुकट, पण मधेच सोडलं तर सगळं भरून द्यायचं. चेन्नईजवळच्या तांबरमच्या छोट्या इंजिनिअरिंग कॉलेजचे कोच सेल्वम सर मात्र रिकाम्या हातांनीच घरी आले.

"आमची तिसरी डिव्हिजन. नियमाने आम्हाला करार करता येत नाही," ते म्हणाले. "माझा शब्द आहे. चारही वर्षं मीच शिकवीन."

कीर्तनाला सरच हवे होते. पण तिच्या अप्पांना नुसता शब्द पुरेना. ते आत गेले आणि विडा, नारळ मांडलेलं ताट घेऊन आले. त्यांच्या तंजावरच्या घराण्यात सोयरीक अशी दोन्हीकडची ताटं बदलूनच पक्की होई. सरांकडे ताट कुठलं? आईने घरातलंच दुसरं त्यांच्या हातात दिलं. ताटं बदलली. कीर्तना हसू दाबत बसली.

मोठ्या कॉलेजचा करार सही न होताच परत गेला.

जूनमध्ये सर पुन्हा दारात उभे. हातात अप्पांनी दिलेलं तेच ताट, रुमालाने झाकलेलं. ताट परत आलं म्हणजे ठरलेलं मोडलं, असं अप्पांना वाटलं.

"मोठ्या कॉलेजने आता मला बोलावलंय," सर म्हणाले. "हेड कोच म्हणून."

"मग?" अप्पांनी कसंबसं विचारलं.

सरांनी रुमाल काढला. ताटात तांबरमच्या कॉलेजची, कीर्तनाचं नाव लिहिलेली जर्सी होती.

"त्यांना म्हटलं, उशीर झाला. माझं ठरलंय."