पहिल्याच सीनला लग्न

पडद्यावर पहिल्याच सीनला लग्न लागलं आणि थिएटर खवळलं.

"अरे, लग्न शेवटी आहे!" पोस्टमास्तर उठून ओरडले. "आणि हा नवरा जिवंत कसा? हा तर सुरुवातीलाच मरतो!"

"आम्ही पुस्तक वाचून आलोय, आम्हाला शेंडी लावू नका," न्हावी पडद्याला म्हणाला. पडद्याने अर्थातच ऐकलं नाही.

पुस्तक सगळ्यांनीच वाचलं होतं. सिनेमा येणार असं कळल्यावर वाचनालयातल्या त्या जुन्या कादंबरीसाठी रांग लागली होती. प्रत एकच. त्याआधी कित्येक वर्षं ती वाळवीशिवाय कोणी उघडलीच नव्हती. म्हणून ग्रंथपालबाईंनी ती आधी बाइंडरकडून नीट बांधून घेतली आणि मग ती घरोघर फिरली. मेलेला नवरा शेवटी स्वतःच्याच लग्नात हसत उभा राहतो, हे वाचून गाव थक्क झालं. दर सोळा पानांनी वाक्य अर्ध्यात तुटून भलतंच काहीतरी सुरू व्हायचं. ती लेखकाची शैली ठरली. 'समाप्त' हा शब्द सोळाव्याच पानावर आला, तोही शैलीत खपून गेला. निवृत्त हेडमास्तरांनी या सगळ्यावर लांबलचक व्याख्यान दिलं. ते कोणालाच कळलं नाही, त्यामुळे कादंबरी थोर आहे याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

बाइंडर मात्र खुर्चीत घामाघूम झाला होता. त्याने पुस्तक वाचलं नव्हतं. बांधायला आलेलं पुस्तक तो कधीच वाचत नसे. वाचत बसला तर बांधणार कधी? शिलाई उसवायची, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, जुनी खळ ओली करून काढायची, वाळले की ढीग समोर घ्यायचा आणि शिवायचा. एरवी पानांचे आकडे बघून तो खात्री करून घेई. या पुस्तकाचे आकडे वाळवीच्या पोटात गेले होते. समोर आला तो ढीग त्याने तसाच शिवून टाकला होता.

पडद्यावर नवरा उशिरा मेला. मग त्याच्या बायकोने घराला कुलूप लावलं, ट्रंक उचलली आणि ती एकटीच निघून गेली. दिवे लागले.

"हे तर सुरुवातीला आहे!" म्हणत गाव मॅनेजरच्या खोलीवर चालून गेलं. दिग्दर्शकाने कथेची पार वाट लावली होती, त्याला जाब विचारायलाच हवा होता.

ग्रंथपालबाई तेवढ्या गेल्या नाहीत. त्यांनी मागे वळून बाइंडरकडे बराच वेळ पाहिलं.

"उद्या दुकानात येते," त्या म्हणाल्या. "वाचनालयाची बाकीची पुस्तकं तुमच्याकडे आहेत, ती तशीच राहू द्या. हात लावू नका."

त्या गेल्या. वाचनालयाचं काम सुटलं तर दुकानाला कुलूपच. शेजारी बाइंडरची बायको पदराने डोळे टिपत होती.

"माझ्या हातून घोळ झाला गं," तो म्हणाला. "सगळे फर्मे उलट्या क्रमाने शिवले मी. आजवर असं कधी झालं नव्हतं."

"तुमच्या हातून नाही झालेलं. वाळवून, रचून मीच दिले होते ना?"

"तुझ्या हातून तरी असं चुकून कसं—"

"चुकून कशाला? वाळत घालताना मी ते सगळं नीट वाचलं होतं." ती अजून रिकाम्या पडद्याकडेच बघत होती. "शेवटी ती बिचारी एकटी कुठेतरी निघून जाते, ते मला बघवेना. म्हणून मी तिला आधीच जाऊ दिलं, आणि मग एकेक फर्मा लावत लग्नाच्या दिवशी परत घरी आणून सोडलं."