लंडन येईपर्यंत

“लंडन गेलं!” लॅपटॉपवाला ओरडला.

पडद्यावरचे गोरे प्राध्यापक तोंड उघडं ठेवून गोठले होते. इंदिरानगरमधल्या कॉलेजात परिसंवाद भरला होता. विषय, ब्रिटिश साम्राज्यातल्या छोट्या वसाहतींचा आपापसातला व्यापार. आयोजनात लंडनची एक संस्था होती, म्हणून अध्यक्षही तिथूनच, ऑनलाइन.

व्यासपीठावर दोघी शेजारी बसल्या होत्या. संजना गांगुर्डे याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. दुसरी मॉरिशसहून आलेली पाहुणी, सुवर्णा गणू. बोलायचं इंग्रजीत आणि एकमेकींना प्रश्न विचारायचे ते अध्यक्षांमार्फत, असं ठरलं होतं.

“सर, आम्ही सुरू करू का?” संजनाने विचारलं.

“लंडनशिवाय?” प्राचार्य दचकले. “मॅडम, काही रीत असते!”

संजनाने समोरचे कागद आवरले. साम्राज्यातली बेटं लंडनला न विचारता परस्पर व्यापार करायची, असं तिने प्रबंधात लिहिलं होतं. पुरावा नाही म्हणून तो प्रबंध परत आला होता.

पाहुणीने रिकामा ग्लास पुढे केला. “बाई, जरा पाणी देता काय?”

संजना बघतच राहिली. “तुम्हाला मराठी येतं?”

“घरात तेच बोलतो ना! पणजोबा रत्नागिरीचे. ऊस तोडायला गेले ते तिथलेच झाले. पणजी मात्र बंदरावर बसायची. सेशेल्स बेटांवरच्या खलाशांना डाळ द्यायची, त्यांच्याकडून खोबरेल घ्यायची. साहेबाला पत्ताच नाही.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?” संजनाने वही पुढे ओढली.

“आजीने. ती लहानपणी पणजीसोबत जायची. मी तिचं बोलणं मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवलंय.”

सुवर्णाने मोबाइल माइकपाशी धरला. म्हातारीचा खणखणीत आवाज सभागृहात घुमला. खलाशी कसे हसायचे, साहेब दिसला की डाळीवर लुगडं कसं टाकायचं, सगळं ती सांगत होती. पेंगणारी पोरं खुर्च्या ओढत पुढे आली. सुवर्णाला प्रश्नांवर प्रश्न, हशावर हशा. संजना डोळे पुसत भराभर लिहून घेत होती. प्राचार्यसुद्धा पोट धरून हसले.

एवढ्यात पडद्यावरचे प्राध्यापक हलले. प्राचार्यांनी झटकन मोबाइल बंद केला, कोट सारखा केला. सभागृह चिडीचूप झालं.

“माफ करा,” अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, “मधल्या वेळात माझं काही ऐकायचं राहिलं का?”

“छे छे, सर!” प्राचार्य इंग्रजीत म्हणाले. “आम्ही तुमचीच वाट बघत बसलो होतो.”