त्याच्याच भाषेत

प्रोग्रामर नवऱ्याने महिनाभर जेवताना नर्स बायकोचं डोकं खाल्लं होतं. "दोन कामांच्या मधे एक गोल चिन्ह टाकायचं, की ती जोडली जातात. एवढंच, की शेवटी लिहिलेलं काम आधी होतं." नर्सबाई मान डोलवायच्या, लक्ष सगळं ताटात.

उद्या मोठ्या डॉक्टरांची फेरी होती आणि ठेवणीतला युनिफॉर्म मळलेला. ड्यूटीला निघताना तिने मोठ्या कौतुकाने त्याच्याच भाषेत चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली:

युनिफॉर्म धुणे ∘ वाळत घालणे ∘ घडी करणे ∘ कपाटात ठेवणे

संध्याकाळी तिने फोन केला. "झालं का रे सगळं?"

"कपाटात ठेवून झाला, घडी करून झाली, दिवसभर उन्हात वाळलासुद्धा," तो अभिमानाने म्हणाला.


"आता फक्त धुवायचा राहिलाय."