बारशाची गोधडी

लीलाकाकूंना गोधड्या शिवायचा भारी नाद. परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणाकडे बारसं असलं, की काकूंची गोधडी हजर! पैशाचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही.

मिलला कुलूप लागलं आणि शेजारच्या मंजुषाचा नवरा घरी बसला. काकूंनी मोठ्या हौसेनं तिला गोधडी शिवायला शिकवलं. म्हणाल्या, "विकत जा, चार पैसे मिळतील."

गाठोडं घेऊन मंजुषा गल्लीभर दारोदार हिंडली आणि संध्याकाळी तसंच भरलेलं गाठोडं घेऊन काकूंकडे आली.

"कुणीच घेत नाही, काकू. सब बोलते हैं, लीलाकाकू तर फुकटच देतात ना!"



पुढच्या बारशासाठी शिवायला घेतलेली गोधडी काकूंनी सुईसकट पलंगाखाली सरकवली.